खंडेनवमीला उघडलेलं मशीन

खंडेनवमी आली की देवदत्तच्या अंगात वारं संचारायचं. सोलापुरातल्या त्या लहान बाळांच्या दवाखान्यात कम्प्युटरचं सगळं तोच बघायचा, आणि वर्षातून एकदा, पूजेच्या सकाळी, सर्व्हर उघडून पार आतपर्यंत पुसायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण राहवतंय कुणाला! यंदा सर्व्हर नवा होता, तरी त्याने आतली दोन नेटवर्क कार्डं काढली, ब्रशने धूळ झटकली आणि परत बसवली. एक कार्ड ऑफिसचं, दुसरं वरच्या मजल्यावरच्या, बाळं ठेवायच्या काचेच्या पेट्यांचं. कार्डांवरच्या चिठ्ठ्या बघून त्याने ज्याची त्याला वायर लावली. हिरवे दिवे लागले. शिपाई बसलिंगप्पांनी हळदकुंकू वाहून नारळ फोडला.

पेढ्यांचं ताट घेऊन देवदत्त वर गेला. काचेबाहेर मैंदर्गी गावची नागव्वा बसली होती. तिच्या लेकीची, काव्याची, सातव्या महिन्यातच झालेली मुलगी तिसऱ्या पेटीत होती. चार दिवसांत नागव्वाने देवदत्तला दोनदा शेंगाचटणी-भाकरी खाऊ घातली होती. नात कशी हाय, असं तिने रोजच्यासारखं विचारलं. त्याने दुर्गा सिस्टरच्या टेबलावरच्या स्क्रीनकडे नजर टाकली आणि सांगून टाकलं, एकदम ठणठणीत, ठोके एकशे बेचाळीस.

अर्ध्या तासाने तो रिकामं ताट न्यायला आला. स्क्रीनवर एकशे बेचाळीस.

ताट उचलता उचलता त्याने वाकून स्क्रीन पुन्हा बघितली. एवढ्याशा जिवाचे ठोके दोन श्वासही एका आकड्यावर ठरत नाहीत. पहिल्या पेटीचा आकडाही मघाचाच, दुसरीचाही मघाचाच. बाळं दचकतात म्हणून पेट्यांजवळचे आवाज अगदी बारीक ठेवलेले, सगळी भिस्त ठोके बिघडले की टेबलावरच्या स्क्रीनमधून वाजणाऱ्या घंटेवर. आणि आकडेच अडकल्यावर ही घंटा आता कशानेच वाजणार नव्हती.

"सिस्टर, स्क्रीन सोडा," तो म्हणाला. "बाळं बघा."

दुर्गा सिस्टर आत धावल्या आणि तिसऱ्या पेटीशी थांबल्या. बाळाचा श्वास अडकला होता, पावलं निळी पडली होती. त्यांनी तळव्यावर टिचकी मारली, पाठ चोळली, पुन्हा टिचकी मारली. देवदत्तला नागव्वाकडे बघायची हिंमत होईना. मग आतून बारीक, चिडका रडण्याचा आवाज आला.

तो जिने उतरत खाली पळाला. चूक शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मशीन ज्या नावाने कार्ड ओळखतं, ते नाव जुन्या सर्व्हरमध्ये कार्डालाच चिकटलेलं असायचं, कुठेही बसवा, नाव सोबत जायचं. बिलाच्या खिडकीवरच्या विंडोजवाल्या मशीनमध्ये जागा बदलली की नवंच नाव दिसायचं आणि माणूस सावध व्हायचा. नव्या सर्व्हरचं लिनक्स मात्र आतल्या खाचेला नाव द्यायचं; तिथे जे कार्ड बसेल त्याला तेच नाव, तोच नेटवर्कवरचा पत्ता. त्याने कार्डं एकमेकांच्या खाचेत बसवली होती. चिठ्ठ्यांवर विसंबल्यामुळे पेट्यांची वायर ऑफिसच्या पत्त्यावर गेली होती आणि स्क्रीनवर सकाळचे आकडे तसेच राहिले होते. त्याने वायरींची अदलाबदल केली. एवढंच काम होतं.

तो वर आला तेव्हा आकडे हलू लागले होते. नागव्वाने त्याचे दोन्ही हात धरले. "तुमी बगितलं म्हणून नात वाचली की," ती म्हणाली.

गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं. नोकरी डोळ्यांसमोर आली.

"आज्जी, ते आकडे माझ्याच हातून बंद पडले होते. मघाशी ठणठणीत म्हणालो, तो आकडा सकाळचा होता."

तिने हात हळूच सोडले. स्टूल ओढून काचेला खेटून बसली.

दुसऱ्या दिवशी त्याने आपण होऊन सांगितलं, ठोके एकशे अडतीस आहेत, आत्ताचे. नागव्वाने मान वळवली नाही.

"आकडा नगं. पाय हालतोय तिचा, बगतेय मी."