ओल्या सिमेंटवर उलथणं

घरात मला ‘वकिलीणबाई’ म्हणतात, पण मी एखादी केस जिंकल्याचं कुणाला आठवत नाही. म्हणजे त्या रविवारपर्यंत आठवत नव्हतं.

खारीने इंटरनेटची वायर दुसऱ्यांदा कुरतडली तेव्हा बाबांनी गवंडीकाकांना बोलावलं. माझ्या खिडकीच्या वर, छपराच्या कडेला मुठीएवढं भोक होतं. तिथून ती ये-जा करायची. मी म्हटलं, "आधी बघू या, आत पिल्लं असतील."

"तू तुझं बीजगणित बघ," बाबा म्हणाले.

खार बाहेर पडताच काकांनी भोक लिंपून टाकलं आणि चहाला बसले.

मी खोलीत गेले तर डोक्यावर, छताच्या फळ्यांमागे, चिर्र चिर्र. एकाचा आवाज नव्हता, तीन-चार तरी असावीत. खिडकीबाहेर खार पाइपवरून वर, खाली, पुन्हा वर करत होती. लिंपलेल्या जागी नखं मारत होती.

मी स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. बाबांनी पेपरातून मानही वर काढली नाही. "दोन दिवसांत गप्प होतील."

"गप्प म्हणजे मरतील. आणि वास माझ्या डोक्यावर येईल."

"वकिलीणबाई, विषय संपला."

मग मी काकांकडे वळले. "काका, सिमेंटचा माल किती वेळात घट्ट होतो?"

"आत्ता उलथण्यानंही निघेल. तासाभरानं छिन्नी लागेल," असं म्हणून काका बशीत बघायला लागले. मुद्दामच, असं मला आजही वाटतं.

मी उलथणं उचललं आणि शिडी चढले. मागोमाग बाबा अंगणात आले.

"खाली उतर."

"नाही उतरणार."

हे वाक्य मी आरशासमोर पुष्कळदा म्हटलं होतं. बाबांसमोर पहिल्यांदाच. उलथणं चालूच होतं.

"पडलीस तर हातपाय मोडून घेशील."

"मग शिडी धरा."

बाबांनी दारात उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "धरा की. का तुम्हालाही बीजगणित आहे?"

बाबांनी शिडी धरली. सिमेंटचे गोळे त्यांच्या चपलांवर पडत होते.

भोक मोकळं झाल्यावर मी सगळ्यांना आत पिटाळलं. आम्ही खिडकीच्या काचेला नाकं लावून उभे. दहा मिनिटांनी खार आत शिरली आणि तोंडात गुलाबी गाठोडं धरून झाडावर पळाली. अशा चार फेऱ्या झाल्या. पाचव्यांदा ती रिकाम्या तोंडानेच बाहेर आली.

"मोजून गेली," काका म्हणाले.

"आता लिंपा," बाबा म्हणाले.

"आता नाही," मी म्हणाले. "भोकात कागदाचा बोळा कोंबायचा. तीन दिवस तो हलला नाही, तर आत कुणी नाही. मग आधी जाळी, वर सिमेंट."

"आणि तोवर इंटरनेट?"

"बीजगणिताला लागत नाही."

बाबांनी हातातला पेपर फाडून माझ्यापुढे धरला. क्रिकेटचं पान तेवढं काढून घेतलं.