काचकाकूंच्या प्लेटलेट्स

कागदावर विश्वास ठेवायचा, तर काचकाकू सोमवारीच अंथरुणाला खिळायला हव्या होत्या. प्रत्यक्षात त्या मंगळवारी सकाळी आठच्या ठोक्याला काचेच्या कारखान्यात हजर झाल्या. त्यांच्या कापायच्या टेबलाशी दुसराच माणूस उभा होता, आणि कटर डाव्या हाताने धरत होता. हे दुसरं दुःख जास्त मोठं होतं.

झालं होतं ते असं. कामगारांचा विमा उतरवायचा म्हणून कारखान्याने सगळ्यांचं रक्त तपासून घेतलं. ज्याचं त्याचं जे निघायचं ते निघालं. ड्रायव्हरचं कोलेस्टेरॉल निघालं, हिशेबनीसांची साखर निघाली. त्यांनी ती चूक डब्यातल्या गोडावर, म्हणजे पर्यायाने बायकोवर ढकलली. काकूंचं हिमोग्लोबिन तेरा, पांढऱ्या पेशी सात हजार, सगळं शहाण्यासारखं. फक्त प्लेटलेट्स, म्हणजे कुठे कापलं की धावत येऊन भोक बुजवणाऱ्या पेशी, हव्यात दीड ते साडेचार लाख. काकूंच्या भरल्या नऊ हजार.

मॅनेजर हा एकेकाळी काकूंच्याच हाताखाली काच कापायला शिकलेला. त्याला काच कधी नीट कापता आली नाही, म्हणून तो मॅनेजर झाला. त्याने काकूंना पॅकिंग खात्यात बसवलं आणि सांगितलं, शुक्रवारी विम्याची यादी जाणार. तोवर आकडा सुधारला नाही तर टेबल कायमचं गेलं. सव्वीस वर्षं काच कापलेली बाई दिवसभर फुग्याफुग्यांचं प्लॅस्टिक गुंडाळत बसली. त्यातले बरेच फुगे तिने मुद्दाम फोडले.

घरी त्याहून बिकट अवस्था. काकूंचे यजमान ग्रंथालयातून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांनी प्लेटलेट्सविषयी सगळं वाचून टाकलं होतं. त्यांनी काकूंचा टूथब्रश जप्त केला, सुऱ्या कपाटात कोंडल्या आणि टेबलाच्या चारी कोपऱ्यांना आपले जुने मोजे चढवले. नेलकटर घराच्या कागदपत्रांबरोबर कुलपात गेलं. काकू स्वयंपाकघरात निघाल्या की हे पुढे चालत वाट मोकळी करायचे. वाट चार पावलांची होती.

काकू हसल्या, तसा यजमानांचा आवाज बदलला. "अगं, थट्टा नाहीये. नऊ हजार म्हणजे डोक्यात आपोआप रक्तस्राव होऊ शकतो. ऍडमिट हो म्हणतायत डॉक्टर. बॅग भरलीये मी."

काकूंनी त्यांच्यासमोर डाव्या हाताचा अंगठा धरला. रक्त दिलं त्याच दिवशी दुपारी एका आरशाच्या कडेने तो चांगला कापला होता. प्रथमोपचाराच्या पेटीची किल्ली सापडेपर्यंत रक्त थांबलंसुद्धा होतं.

"हे नऊ हजारांनी मिळून केलं असेल, तर त्यांना पगारवाढ द्या," काकू म्हणाल्या. "बॅग घ्या बरोबर. आधी लॅबमध्ये जाऊ. परत मोजू देत, आणि तेवढ्याच निघाल्या तर तिथून थेट ऍडमिट होते. पण मोजल्याशिवाय मी झोपणार नाही."

लॅबमधली टेक्निशियन मुलगी म्हणाली की मशीन नवीन आहे. काकू म्हणाल्या की अंगठा जुना आहे. मुलीने अंगठा उलटासुलटा पाहिला, हातापायांवर कुठे निळे-लाल डाग नाहीत ना ते तपासलं, हिरड्यांतून रक्त येतं का विचारलं. मग ती आत गेली. परत आली तेव्हा तिच्याकडे काकूंच्या आधीच्या रक्ताची काचपट्टी होती. ती तिने मायक्रोस्कोपखाली सरकवली.

"काकू, तुमच्या प्लेटलेट्स घोळका करून उभ्या आहेत."

प्रकार तिने समजावला तो असा: जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं. एखाद्याच्या रक्ताला ते चालत नाही. नळीत गेल्यावर प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात. शरीरात नाही, फक्त नळीत. मशीन बिचारं अख्ख्या घोळक्याला एक धरतं, नाहीतर धरतच नाही. भरलेल्या बसला एक माणूस मोजावं तसं.

मग तिने निळ्या टोपणाच्या, वेगळ्या औषधाच्या नळीत नवीन रक्त घेतलं. आकडा आला दोन लाख दहा हजार. त्या नळीतल्या औषधाच्या पाण्याने रक्त थोडं पातळ होतं, म्हणून वर दहा टक्के धरायचे. झाले दोन लाख एकतीस हजार. पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांनी काचपट्टी स्वतः पाहिली, पहिला आकडा खोटा असं लिहून सही केली. यजमान भरलेल्या बॅगेवर बसले, आणि चष्मा पुसत म्हणाले, "मला वाटलंच होतं."

शुक्रवारी काकूंनी दोन्ही रिपोर्ट मॅनेजरसमोर ठेवले. त्याने बराच विचार केला. विचार करायची सवय नसल्याने त्याला घाम आला. अर्जात नळीच्या रंगाचा रकानाच नाही, तो म्हणाला. दोन आकडे असताना कुणा एकाची बाजू घेणं बरं नाही. म्हणून त्याने कॅल्क्युलेटर काढून दोन्हींची सरासरी केली. एक लाख वीस हजार. दीड लाखाला तीस हजार कमी. नाइलाज आहे, काकू.

काकूंनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

"बाळा, एका खिडकीचं माप दोघांनी घेतलं. एकाचं बरोबर, एकाचं चूक. तू काच दोन्हींच्या मधल्या मापाने कापतोस?"

मॅनेजरने कॅल्क्युलेटर खणात सरकवला. पूर्वी तो तशीच कापायचा.

"ती काच कुठल्याच खिडकीला बसत नाही," काकू म्हणाल्या. "आता डॉक्टरांची ही सही खोटी आहे असं तुझ्या हाताने लिही, खाली तुझी सही कर, मी उठते. नाहीतर दोन लाख एकतीस लिही. तोवर इथेच बसलेय. रक्त हवं असेल तर आणखी देते, माझ्याकडे भरपूर आहे."

मॅनेजरने घड्याळ पाहिलं. यादी बाराला जायची होती. काकूंनी पिशवीतून विणकाम काढलं. पावणेबारापर्यंत स्वेटरची एक बाही कोपरापर्यंत आली, तेव्हा त्याने पेन उघडलं. आकडा लिहिला, आणि शेऱ्याच्या जागी, हात आखडता घेत: 'तंदुरुस्त. मात्र भांडखोर.'

काकूंनी शेरा वाचला. त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी विणकाम आवरलं आणि टेबलाशी जाऊन त्या डावखुऱ्याच्या हातातून कटर काढून घेतला.