तुरीतला दुसरा ठिपका

लुंबिनीनं ड्रोन तुरीच्या शेतावर नेला आणि श्वास रोखून पडद्याकडं पाहिलं. ठिपका एक यायला हवा होता. दोन आले.

"जीप एकच लपवलीय ना?" वीरण्णा सरांनी विचारलं. ते नांदेडहून आलेले तिचे मार्गदर्शक. आज त्यांनी मान डोलावली नाही, तर तिचा सगळा प्रबंध बोंबलणार होता.

"हाव, एकच. म्याच झाकली," रामकिशनकाका म्हणाले. शेत त्यांचं, जीप त्यांची, आणि पुतणीचं कौतुकही त्यांनाच जास्त.

डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत जिवंत पान लख्ख उजळतं. प्लास्टिकची जाळी कितीही हिरवी असो, काळीच राहते. जाळीखाली दडवलेली गाडी लुंबिनीचं यंत्र त्यावरूनच हेरायचं.

"म्हणजे दुसरी खूण खोटी," सर चष्मा पुसत म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून करा."

"सर, एकदा आत जाऊन बघू तरी."

"कशाला?" नागुबाईकाकू एकदम आडव्या आल्या. "तिकडं साप हाय. लई मोठा. कालच बघितला."

"यात साप दिसत नाही, काकू. गाडी दिसते."

"मग यंत्रच बिघडलं आसंल!"

त्या बोलून गेल्या खऱ्या, पण लुंबिनीच्या डोळ्यांत पाणी तरळलेलं बघून त्यांनाच भरून आलं. पोरीला लहानपणी त्यांनीच न्हाऊमाखू घातलं होतं. त्यांनी पदर खोचला आणि जिकडं साप होता तिकडंच तरातरा निघाल्या.

थोड्या वेळानं तुरीतून आधी इंजिनाची घरघर आली, मग खुद्द काकू आल्या, स्कूटीवर बसून, ती झाकायची हिरवी जाळी खांद्यावर टाकून. घरातली हीच स्कूटी महिनाभर बिलोलीला मिस्त्रीकडं पडून असल्याचं काकू सांगत होत्या, आणि काका त्या गरिबाच्या नावानं रोज खडे फोडत होते. गुडघ्यांमुळं काकांनी तुरीत आत शिरणं कधीच सोडलं होतं; जीपही त्यांनी बांधालगतच झाकली होती.

"चालवायला शिकून राहिले होते," काकू कुणाकडंही न बघता म्हणाल्या. "पडले तर हसाल, म्हणून लपून."

सर हसले नाहीत. ते पडद्याकडं आणि स्कूटीकडं आळीपाळीनं बघत राहिले.

"दोन्ही खुणा बरोबर," शेवटी ते म्हणाले.

लुंबिनी काकूंच्या गळ्यातच पडली.

काका मात्र रुबाबात पुढं झाले आणि त्यांनी हँडलला हात घातला.

"उतर. मी नेतो घरी."

काकू उतरल्या नाहीत.

"मागं बसा," त्या म्हणाल्या.

काकांनी सरांकडं पाहिलं, पुतणीकडं पाहिलं. कुणीच मदतीला येईना. ते विजार सावरून मागं बसले.

"हळू ने," एवढंच म्हणाले.