बिनसीटच्या गाडीचा सूड

मी एक जुनी, बिनसीटची मोटरसायकल आहे. हसू नका, मित्रांनो. माझी सीट कुणी चोरलेली नाही, ती मला कारखान्यातच दिली नव्हती. माझ्यावर बसायचं नसतं, उभं राहायचं असतं. माझ्या जातीच्या गाड्या वेगाच्या शर्यतीत धावत नाहीत. आम्ही दगडांवरून, ओंडक्यांवरून, सिमेंटच्या पाइपांवरून गोगलगायीच्या चालीने चढतो, आणि चालवणाऱ्याने जमिनीला पाय टेकायचा नसतो. टेकला की एक गुण चढतो. आमच्या खेळात गुण चढणं ही लाजेची गोष्ट आहे.

गोड गोष्ट ऐकायची असेल तर एखाद्या शिलाई मशीनकडे जा. माझ्या मनात राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

मला विकत घेतलं वाघाने. खरा वाघ नव्हे हो. क्लबमध्ये त्याने स्वतःच स्वतःला हे नाव ठेवलं होतं. पहिली चार वर्षं त्याने मला फडक्याने पुसलं, साखळीला तेल दिलं, माझ्याबरोबर फोटो काढले. कप मिळाला की तो म्हणायचा, "मी जिंकलो." हरला की म्हणायचा, "गाडीने घात केला." तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

त्याची एक बहीण होती. घरी तिला धाकटी म्हणत. ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायची. केसाएवढी चूकही तिच्या बोटांना कळायची. पण क्लबमध्ये तिला एकच काम होतं. वाघ खडक चढताना तिने खडकाच्या माथ्यावर उभं राहायचं आणि गाडी मागे घसरली तर हँडल धरायचं. स्वतः चालवायची तिला फार इच्छा होती. वाघ म्हणायचा, "आधी धरायला शीक."

आता माझ्या चाकांबद्दल सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. आमच्या चाकांत हवा अगदी कमी ठेवतात. अंगठ्याने दाबलं तर रबर आत गेलं पाहिजे. मग ते दगडाला चिकटतं. एका स्पर्धेच्या सकाळी वाघाला मला टेम्पोत घालून न्यायचं नव्हतं. त्याला गावभर मिरवायचं होतं. रस्त्यावर चालवायला सोपं जावं म्हणून त्याने माझ्या मागच्या चाकात टणक हवा भरली. मैदानावर पोचल्यावर ती सोडायची असते. वाघ हात हलवून लोकांना नमस्कार करत राहिला आणि विसरला.

छातीएवढा उंच खडक होता. माझं मागचं चाक त्याच्यावर आपटलं आणि चेंडूसारखं उसळलं. वाघाने मला सोडून बाजूला उडी मारली. धाकटीने धरलेलं हँडल सोडलं नाही, ती माझ्याबरोबर खाली ओढली गेली. मी तिच्यावर पडले, आणि तिचा खांदा मोडल्याचा आवाज मी ऐकला.

लोक तिच्याकडे धावले. वाघ माझ्याकडे आला. मला वाटलं, मला कुठे लागलंय का ते बघायला आला. त्याने वाकून मागच्या चाकाची हवा फुस्स करून सोडून दिली. मग उठला आणि मोठ्याने म्हणाला, "ही गाडीच पनवती आहे! आणि धाकटीला साधं धरताही आलं नाही!"

तीन वर्षं, मित्रांनो! तीन वर्षं मी मागच्या पडवीत, रंगाच्या रिकाम्या डब्यांच्या आड, गोणपाटाखाली पडून होते. उंदरांनी माझ्या एअर फिल्टरमध्ये संसार थाटला. साखळी गंजून एकजीव झाली. आणि भिंतीपलीकडून धाकटीच्या आईचा आवाज रोज यायचा, "अगं, तू जरा लवकर धरलं असतंस तर!" धाकटी कधी उलटून बोलायची नाही. तिला ते खरंच वाटत होतं. मी मात्र अंधारात एकच विचार करत होते. एकदा, फक्त एकदा तो माणूस माझ्या तावडीत सापडू दे.

एका सकाळी गोणपाट उचललं गेलं. धाकटी होती. "चल," ती म्हणाली, "तू पण पनवती, मी पण पनवती."

क्लबच्या मिस्त्रीकाकांनी मला महिनाभर खोललं, घासलं, जोडलं. काका बडबडे, पण त्यांचा हात हलका. अखेर मी सुरू झाले, पण धाकटी सुरू होईना. सपाट जागेवर ती छान चालवायची. खडक दिसला की तिचे हात बर्फ व्हायचे. माझा क्लच तिच्या मुठीत थरथरायचा आणि मी तिथल्या तिथे बंद पडायचे.

वाघ आता खेळत नव्हता. त्याचं पोट सुटलं होतं आणि तो पंच झाला होता. तो हसला. "दुसरा खांदाही मोडून घ्यायचाय का? गाडी माझ्या नावावर आहे, लक्षात ठेव. यंदाच्या स्पर्धेत त्या खडकावर एकही पाय न टेकता चढलीस तर घेऊन जा. एक जरी टेकलास, तर सोमवारी भंगारवाला बोलावतो."

"चालेल," धाकटी म्हणाली. मला कुणी विचारलं नाही.

क्लबमध्ये खेळाडूंच्या मनावर काम करणाऱ्या एक बाई यायच्या. पोरं त्यांना मनाच्या बाई म्हणत. मला वाटलं, या देवाधर्माचं काही सांगतील. छे! बाई मिस्त्रीसारख्या निघाल्या. त्यांनी भीती खोलून तिचे भाग जमिनीवर मांडले.

पहिल्या दिवशी इंजिन बंद ठेवून आम्ही नुसत्या खडकासमोर उभ्या राहिलो. "दहापैकी किती भीती वाटतेय?" बाईंनी विचारलं.

"अकरा," धाकटी म्हणाली.

"बरं. सात होईपर्यंत उभं राहू या. मला घाई नाही." पाऊण तास लागला. दुसऱ्या दिवशी अर्धा. मग एक वीट चढायची, मग दोन विटा, मग ओंडका. रोज डोळे मिटून, माझ्यावर उभं राहून अख्खा टप्पा मनात चालवायचा. बाई घड्याळ लावून बसायच्या आणि धाकटीची बोटं बंद गाडीचा क्लच हळूच दाबायची, सोडायची. पोरं हसायची. मी त्यांची तोंडं लक्षात ठेवली आहेत.

मग बाई म्हणाल्या, "गाडी तुझ्यावर पडली तो क्षण लिहून काढ. काय वाटलं ते नको. काय दिसलं, काय ऐकलं, तेवढंच."

धाकटी माझ्या शेजारी डब्यावर बसून लिहू लागली. लिहिता लिहिता थांबली. "काका," तिने हाक मारली, "चाक उसळलं होतं. हवा कमी असली तर चाक असं उसळतं का हो?"

काकांनी माझ्या मागच्या चाकात टणक हवा भरली आणि मला एका दगडावर ढकललं. मी उसळले. अगदी तशीच! तीन वर्षांत पहिल्यांदा मला कुणीतरी विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं होतं. धाकटीने तोंडावर हात ठेवला. "म्हणजे मी धरलं होतं," ती म्हणाली. "मी बरोबर धरलं होतं, काका." आणि ती ढसाढसा रडली.

रडून झाल्यावर ती पेटली. घरी जाऊन त्याचं थोबाड रंगवते म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने एवढ्या रागात मला पळवलं की आम्ही दोनदा पडलो. बाईंनी तिची घट्ट मूठ उघडून दाखवली. "राग सोड असं मी म्हणणार नाही. तुझा हक्काचा आहे. पण तो पोटात ठेव, बोटात नको. सुरू करण्याआधी श्वास लांब सोडायचा, 'वर' म्हणायचं आणि खडकाच्या माथ्याकडे बघायचं. जिकडे बघशील तिकडे गाडी जाईल."

स्पर्धेचा दिवस आला. त्या खडकावर पंच होता वाघ. भाऊ बहिणीला झुकतं माप देईल अशी शंका कुणाच्या मनात आली नाही. आई दोरीपलीकडे पदर चावत उभी होती. माथ्यावर मिस्त्रीकाका होते.

खरं सांगू, मित्रांनो? वाघ खडकाच्या अगदी कडेला उभा होता. मी जरा डावीकडे घसरले असते तर सत्तर किलोंचं लोखंड थेट त्याच्या पायावर पडलं असतं. तीन वर्षं मी याच क्षणाची वाट पाहत होते. माझं पुढचं चाक तिकडे ओढ घेऊ लागलं. पण मी पडले असते तर धाकटीही पडली असती. तिने लांब श्वास सोडला. मीही माझ्या परीने सायलेन्सरमधून सोडला.

"वर," ती म्हणाली.

क्लच सुटला. मागचं चाक खडकाला चिकटलं. मध्ये एक क्षण आम्ही दोघी हवेत लटकलो. तिचा उजवा पाय थरथरला, पण सुटला नाही. तिने खाली पाहिलं नाही. आणि मग आम्ही माथ्यावर होतो.

आमच्या खेळात जितके पाय टेकले तितकी बोटं पंच दाखवतो. काहीच टेकलं नाही तर बंद मूठ वर करतो. वाघाने हात वर केला, आणि एक बोट काढलं.

"कुठला पाय रे? डावा की उजवा?" मिस्त्रीकाका वरून ओरडले.

वाघाला सांगता येईना. सगळे त्याच्याकडे बघत होते. बोट हळूहळू दुमडलं. मूठ झाली. माझ्यासाठी, ज्या पनवतीला त्याने उंदरांना दिलं होतं तिच्यासाठी, त्याला मूठ वर धरून उभं राहावं लागलं. मला काय गार वाटलं म्हणून सांगू!

धाकटीने मला बंद केलं आणि खिशातून हवा मोजायचं यंत्र काढलं. "दादा, मागच्या चाकाची हवा मोज."

"कशाला?"

"त्या दिवशी तू मोजली नव्हतीस, म्हणून."

वाघाने ते हातात घेतलं नाही. त्याने आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "टणक होती," तो पुटपुटला. "मी नंतर सोडली." आईने दोरी उचलली, आत आली आणि धाकटीच्या त्या खांद्यावर हात ठेवला.

आता मी धाकटीच्या नावावर आहे. मित्रांनो, आपल्या गाडीची काळजी घ्या. हवा तपासा, साखळीला तेल द्या. आणि स्वतःची चूक मुक्या वस्तूच्या किंवा मुक्या माणसाच्या माथी मारू नका. मुकी असतात म्हणून ती विसरलेली असतात असं नाही.

धाकटीने भावाला माफ केलं. ती मोठ्या मनाची आहे. मागच्या रविवारी तो म्हणाला, "एकदा मी चालवू?" ती म्हणाली, "चालव." त्याने माझ्या किकवर पाय ठेवला आणि अर्धवट जोर लावला. अशा वेळी आमच्या जातीच्या गाड्यांची किक कधीकधी उलटी येते. त्याच्या नडगीवर अशी बसली, की आठवडाभर लंगडला बिचारा. असं होतं कधीकधी, मिस्त्रीकाका म्हणाले. मीही तसंच म्हणते.