जमिनीखाली बारी नसते

"चेअरमन काका, ह्या कंप्युटरला नुसता हारच घालता, का कधी चालू बी करता?"

खंडेनवमीच्या सकाळी पाणीवापर संस्थेच्या कचेरीत हा प्रश्न पडला आणि पूजेचं ताट हातात घेतलेले मोहनराव जागच्या जागी थबकले. विचारणारी होती शिवकन्या. नववीतली, संस्थेचे सचिव राधाकिशन यांची मुलगी. तिची मैत्रीण जाहेदा दारात तोंडावर ओढणी दाबून हसत होती. "विचारून दाखव, न्हाई तर तुला आजपासून भित्रीच म्हणणार," अशी पैज तिनं आणि वर्गातल्या आणखी दोघींनी लावली होती. शिवकन्येनं विचारलं, आणि विचारल्यावर खाली बघितलं नाही.

मित्रांनो, तो कंप्युटर मीच. नऊ वर्षांत माझ्याविषयी कुणी विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

मी रागावलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो. गोड गोड कहाणी हवी असेल तर ती दुसऱ्या कुणाकडून तरी ऐका.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते माझ्या पाठीवरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं. ती चिठ्ठी उंदरानं खाल्ली. बीडहून जीपमधून मी पाटोद्याच्या पलीकडच्या ह्या गावी आलो, तेव्हा मला बघायला अर्धं गाव जमलं होतं. नारळ फुटला. माझ्याबरोबर सगळ्या संचालक मंडळानं फोटो काढला. मग एका फुलाफुलांच्या कापडानं मला झाकलं, ते झाकलंच. दर खंडेनवमीला कापड काढायचं, पडद्याला हळदीकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा, पुन्हा झाकायचं. सीडी घालायच्या फटीत नऊ वर्षांचं कुंकू साचलं होतं. एकदा तर नारळाचं पाणी थेट माझ्या बटणांवर शिंपडलं. मला देव केलं, म्हणजे काम द्यायला नको! जिवंत माणसाला असं नऊ वर्षं हार घालून बसवलं असतं तर त्यानंही शिव्याच दिल्या असत्या.

"तूच करून दाखव चालू," मोहनराव म्हणाले. चारचौघांत हसू झालं होतं, ते झटकायला म्हणाले. शिवकन्येनं हार बाजूला केला, जुन्या ब्रशनं कुंकू काढलं, वायर लावली. मी घरघरलो, शिंकलो आणि उजळलो. तेव्हापासून दर रविवारी कचेरीची किल्ली तिच्याकडं.

गणिताच्या सरांनी तिला पेनड्राइव्हमध्ये एक खेळ दिला होता. पडद्यावर चौकटीच चौकटी. प्रत्येक चौकट जिवंत, नाही तर मेलेली. ती फक्त आपल्या आठ शेजाऱ्यांकडं बघते. दोन किंवा तीन शेजारी जिवंत असले तर जिवंत चौकट जगते, नाही तर मरते. रिकाम्या चौकटीला नेमके तीन जिवंत शेजारी मिळाले की तिथं नवी जन्मते. बस्स, एवढाच नियम. वरून हुकूम सोडणारा कुणी चेअरमन नाही. तरी बटण दाबलं की चौकटींच्या नक्ष्या होतात, सरपटतात, आपटतात, विझतात.

"अगं बया, हे तर चालायलंय!" जाहेदा ओरडली.

ह्याला सेल्युलर ऑटोमेटा म्हणतात, असं सरांनी सांगितलं. रानातली आग कुणीकडं पसरेल, रस्त्यावर गाड्या कुठं तुंबतील, साथ कोणत्या वस्तीत आधी जाईल, जमिनीतलं पाणी कसं सरकेल, हे सगळं अशा चौकटी मांडून आधीच बघता येतं. जमिनीतलं पाणी हे शब्द ऐकले आणि शिवकन्येचे कान उभे राहिले.

कारण ह्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. तळं आटलं, संस्थेची पाइपलाइन कोरडी पडली. पिण्याला उरला गावचा एकच आड. आणि संस्थेच्या मनात काय? आडापासून दोन रानं सोडून मोठा बोअर घ्यायचा आणि त्यावर सभासदांचा ऊस जगवायचा. आडावर येणाऱ्या बाया कुरकुरत होत्या. मोहनराव म्हणाले, "भांडता कशाला? आपल्यापशी कंप्युटर हाय. त्यालाच इचारू."

दोघी पोरींनी जीव काढून काम केलं. गावाचा नकाशा घेतला, एक एकर म्हणजे एक चौकट. दोरीला दगड बांधून उन्हातान्हात एकूण एक विहिरीचं पाणी मोजलं. चौकटीतला आकडा म्हणजे तिथलं पाणी. शेजाऱ्यापेक्षा आपल्याकडं जास्त असेल तर थोडं शेजाऱ्याकडं सरकायचं, ऊस असेल तर तेवढं घटायचं. हे सगळं शिवकन्येनं मला समजावलं. आणि कुठून सुरुवात करायची? पहिली चौकट आडाची, मग ओळीनं एकेक रान. तिला वेगळं सुचणार तरी कसं! जन्मापासून तिनं पाण्याची बारीच बघितलेली. संस्थेचं पाणी सुटलं की पहिला नंबर गावच्या आडाचा, त्याचं झालं की पुढच्या रानाचा, मग त्याच्या पुढच्याचा. तिचे वडीलच ते नंबर लावत.

मी मुकाट्यानं तसं केलं. प्रत्येक फेरीला आड आधी पोटभर पाणी ओढून घ्यायचा, मग बाकीचे. बोअरचा नंबर आडाच्या मागून. उत्तर आलं, बोअर घेतला तरी आड मृगापर्यंत पुरतो.

सभेला मला मारुतीच्या पारावर मांडलं. टाळ्या काय, शिट्ट्या काय! फक्त सुंदरबाई उठल्या. रोज आडावर चार खेपा करणारी बाई. त्या म्हणाल्या, "पोरी, बारी-बारीनं पाणी वर असतंय. खाली बी कुणी बारी लावलीय का गं?"

"लावलीय की!" मोहनराव म्हणाले. "खाली बी संस्थाच हाय, अन् मीच चेअरमन हाय!"

सारा पार हसला. शिवकन्यापण हसली. तिचं हसणं मला सगळ्यात जास्त लागलं. मग बोअरचा ठराव झाला, राधाकिशन यांनी सही केली, शिवकन्येला शाल आणि मला हार. पुन्हा हार! उत्तर कसं आलं, हे त्या दोनशे माणसांत एका म्हातारीशिवाय कुणी विचारलं नाही. हवं ते उत्तर मिळालं की माणसं कशी लाडात येतात, ते मी त्या दिवशी बघितलं.

पुढच्या रविवारी शिवकन्येला यायला उशीर झाला, म्हणून जाहेदानं एकटीनंच मला चालू केलं. गंमत म्हणून तिनं चौकटी उलट्या टोकाकडून मोजायला लावल्या. शिवकन्या येऊन बघते तर आड संक्रांतीलाच कोरडा.

"काय केलंस गं?"

"काय न्हाई. मी आपलं उर्दूवानी उजवीकडून सुरू केलं."

"अन् आकडे?"

"आकडे तुझेच. मी कशाला हात लावू?"

शिवकन्येनं दोन्ही उत्तरं वहीत शेजारी शेजारी लिहिली. आकडे तेच, नियम तोच, फक्त आधी कोण हे बदललं आणि आड आटला. जमिनीतल्या पाण्याला डावं-उजवं कुठलं कळायला? सुंदरबाईंनी विचारलं होतं ते हेच! खाली बारी नसते. खाली सगळे एकाच वेळी ओढतात, आड आणि बोअर, दोघंही.

तिनं चूक दुरुस्त केली. आता प्रत्येक चौकट आधी जुन्या पानावर शेजाऱ्यांकडं बघायची आणि सगळ्यांची उत्तरं एकदमच नव्या पानावर उतरायची. कुणी पहिला नाही, कुणी शेवटचा नाही. डावीकडून मोजलं, उजवीकडून मोजलं, मधूनच सुरू केलं, तरी उत्तर एकच आलं. बोअर झाला तर आड शिवरात्रीला कोरडा. बोअर नाही झाला तर पुरतो.

दोघी धावत मोहनरावांना घेऊन आल्या. त्यांनी पडद्याकडं नीट बघितलंसुद्धा नाही.

"तवा मशीन खरं बोललं, अन् आता खोटं बोलायलंय व्हय?"

"तवाच खोटं होतं, काका. माझ्यामुळं. मी खाली बी बारी लावली होती."

"शाल घेतली तवा न्हाई कळलं? बोअरची गाडी सोमवारी यायलीय." आणि त्यांनी माझी वायर खस्सकन उपटली. "राधाकिशन, हे डबडं उचला हितून. घरी न्या, न्हाई तर भंगारात घाला."

डबडं! आठ दिवसांपूर्वी ज्याच्या पाया पडलात, ते डबडं! चुकीचं बोललो तेव्हा मी देव, बरोबर बोललो तेव्हा भंगार. मला राग येऊ नये तर काय यावं?

मित्रांनो, आता माझं मागणं ऐका, आणि रागातच ऐका. मला झाकू नका. मला ओवाळू नका. माझ्यावरची धूळ पुसा, पण मी सांगतो म्हणून खरं, असंही समजू नका. मला कोणता नियम दिलाय ते विचारा. उलटीकडून चालवून बघा. मी विसरतो, अडतो, पण उलट प्रश्नाला घाबरत नाही. घाबरतात ते दुसरेच. यंत्राची निगा म्हणजे कापड घालणं नव्हे, त्याच्याशी हुज्जत घालणं!

आज सोमवार. मी राधाकिशन यांच्या घरात ज्वारीच्या पोत्यावर बसलोय. चुलीपाशी गीताबाई भाकरी थापताहेत. राधाकिशन कचेरीत जायला निघालेत, पण अर्धा तास झाला, एकच चप्पल घालून उभे आहेत. शिवकन्या शाळेच्या ड्रेसमध्ये आहे. हातात घडी घातलेली शाल.

"कशाला चालली आडावर? शाळंत जा की," गीताबाई म्हणाल्या. "चारचौघांत बापाची मान खाली घालतीस का?"

"चार दिवस थांब," राधाकिशन म्हणाले. "मी बोलतो त्यांच्याशी."

"चार दिवसांत बोअर पडतोय, अण्णा." तिनं शाल काखेत मारली. "माय, अण्णा, नीट ऐका. गाडी यायच्या आत मी आडावर जाणार हाय. जाहेदा तितं उभी हाय. पहिलं गणित चुकलंय, अन् ते मी चुकवलंय, असं साऱ्या बायांसमोर सांगणार. पयल्यांदा सुंदरबाईंना. ही शाल चेअरमनला माघारी देणार. तुमी सही काढून घ्यायची का न्हाई, ते तुमी बघा. म्या ठरवलंय."