माझा तिसरा जन्म खोटा आहे

खरं तर मी हे सांगायला नको. बाटलीनं बोलायचं नसतंच. तिच्या वतीनं तिचं लेबल बोलतं. पण माझं लेबल खोटं बोलतंय, तेही माझ्याच अंगाला चिकटून. म्हणून आज मी बोलतेय. मी शाम्पूची बाटली. वीतभर उंच, हिरव्या झाकणाची.

माझ्या पोटावर एक पान काढलंय आणि पानाखाली लिहिलंय, 'हा माझा तिसरा जन्म!' म्हणजे मी दोन घरांत वापरून झाले, दोनदा परत आले, मला धुतलं आणि पुन्हा भरलं. वाचणाऱ्याला बरं वाटतं. आपल्या हातून कचरा वाचला, असं वाटून तो मला हसत हसत घरी नेतो.

साफ खोटं! माझा हा पहिलाच जन्म आहे.

मी जन्मले प्लॅस्टिकच्या कोऱ्या पांढऱ्या दाण्यांतून. दाणे वितळले, साच्यात गेले, आत हवा फुंकली, मी फुगले, गार झाले आणि टपकन खाली पडले. एवढंच माझं बाळंतपण. तिथून मला एका लांब टेबलावर आणलं. टेबलाशी अकरा बायका बसल्या होत्या. मला वाटलं, आता लेबल लावतील. पण आधी आला पॉलिश पेपर. लाकूड घासायचा असतो ना, तोच. खांद्यावर दोनदा, पोटावर एकदा, बुडाच्या कडेनं एक फेरा. क्षणात मी चार घरं फिरून आल्यासारखी दिसू लागले. माणसं म्हातारपण लपवायला काय काय चोपडतात, आणि मला मात्र जन्मल्या दिवशीच म्हातारी केलं!

"हलका हात ठेवा," तिथले साहेब गोड आवाजात म्हणाले. "गिऱ्हाइकाला जुनी हवी, जुनाट नको." त्यांच्या बोलण्यात फेसच फार, म्हणून बायका त्यांना मागे फेससाहेब म्हणतात.

"साहेब, एवढ्या वेळात परत आलेल्या खऱ्या बाटल्या धुऊन होतील की," एकजण म्हणाली.

"धुवायचं यंत्र दुरुस्तीला गेलंय."

"दुरुस्तीला गेलंय की सासरी? परत यायचं नावच नाही!"

टेबलभर खसखस पिकली. साहेबही हसले, आणि हसता हसताच म्हणाले, "आतलं आत राहू द्या हं. बाहेर गेलं तर तोंड उघडणारी आधी बाहेर जाईल." बायकांनी माना खाली घालून पुन्हा घासायला घेतलं. खिडकीतून मला मागचं अंगण दिसत होतं. तिथे पोत्यांमध्ये खऱ्या परत आलेल्या बाटल्या भरून ठेवल्या होत्या. कुणाकुणाच्या घरातून धुऊन, पुसून आलेल्या. त्यांना चौथा, तिसरा सोडाच, दुसरा जन्मही मिळणार नव्हता.

मला घासलं त्या बाईंचं बोट लेबल लावताना घसरलं आणि लेबल तिरकं बसलं. तिरक्या बाटल्या शाम्पूनं भरल्या तरी दुकानात जात नाहीत, कामगारांनी घरी न्यायच्या असतात. अशी मी त्यांच्या पिशवीतून त्यांच्या घरी आले. घरात दोघीच, त्या आणि त्यांची शाळेतली मुलगी. मुलगी इतकं हळू बोलते की घरात तिचं नाव कुजबुज पडलंय.

आईच्या बोटांचं मात्र सांगायलाच हवं. रोज शेकडो बाटल्या घासून त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा पुसल्या गेल्यात. हजेरीचं यंत्र त्यांना ओळखत नाही. रोज सकाळी तीन तीनदा अंगठा टेकवावा लागतो. घासताना उडणारी भुकटी नाकात जाऊन खोकला येतो, तो वेगळाच. आणि माझ्या पाठीवर छापलंय, 'प्रत्येक हाताची काळजी घेणारा'. हे मी रोज पाठीवर वागवते. मला पाठ फिरवायचीही सोय नाही.

शाळेनं कुजबुजला प्रकल्प दिला. घरातली अंगाला किंवा केसांना लावायची एक वस्तू घ्यायची आणि तिला तपासायचं. आत काय आहे, डबा-बाटली कुठून येते आणि कुठे जाते, बनवणाऱ्यांचे हाल होतात का, आणि वर लिहिलेलं खरं आहे का. प्रत्येक प्रश्नाला दहापैकी गुण. कुजबुजनं मलाच निवडलं. "आईच्या कंपनीची आहे," तिनं वहीत सुबक अक्षरात लिहिलं आणि बाटलीच्या रकान्यात दहा गुण देऊन टाकले.

मग केस धुताना शेवटचे थेंब काढायला तिनं मला उलटी केली. माझ्या बुडाशी साच्यानं उमटवलेलं एक छोटं वर्तुळ आहे. कडेनं बारा महिन्यांचे आकडे, मध्ये वर्ष, आणि एक बाण. मी कधी जन्मले ते हा बाण सांगतो. पॉलिश पेपर तिथे पोचला नव्हता.

ओल्या केसांनीच ती बाहेर आली. "आई, ही दोन महिन्यांपूर्वी झालीय. आपल्याला एक संपवायलाच दोन महिने लागतात. मग हिचे आधीचे दोन जन्म कधी झाले?"

आई आधी हसल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, "हे घरातलं घरात. तुमच्या प्रकल्पांच्या प्रदर्शनाला आमचे साहेब येणार आहेत बक्षिसं द्यायला. तू दुसरं काहीतरी घे. कंगवा घे."

"कंगव्यावर काही लिहिलेलंच नसतं."

"म्हणूनच म्हणते, कंगवा घे!"

दोन दिवस कुजबुज कंगव्यावर लिहीत होती. मी फळीवर रिकामी उभी होते आणि मनातल्या मनात जळत होते. मी कधी कुणाला फसवायला निघाले होते का?

तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे म्हातारे मास्तर खाली आले. गुडघे धरत, एकेक पायरी उतरत. हातात माझ्यासारखीच एक बाटली. "तुम्ही त्याच कंपनीत ना? ही तेवढी परत पोचवा. तीन पाण्यांनी धुतलीय, उन्हात वाळवलीय. वास घेऊन बघा. आता या वयात माझ्या हातून आणखी काय व्हायचं? पण एवढं तरी होतं, बरं वाटतं."

आईंनी बाटली घेतली. "पोचवते," एवढंच म्हणाल्या. मास्तर वर जाईपर्यंत त्या दारातच उभ्या होत्या. त्यांच्या प्रत्येक पायरीचा आवाज ऐकत. मग आत येऊन त्यांनी कामाच्या कोटाच्या खिशातून झिजलेला पॉलिश पेपर काढला आणि कंगव्याच्या कागदांवर ठेवला.

"हा बाटलीशेजारी मांड. मास्तरांची बाटलीही ठेव."

"आणि साहेबांनी विचारलं, कुणी दिला, तर?"

"सांग, आईनं दिला."

"तुला काढतील गं."

"काढू देत. नाहीतरी त्यांचं यंत्र मला रोज ओळखत नाहीच."

तर आज मी शाळेच्या सभागृहात, चौथ्या टेबलावर उभी आहे. एका बाजूला मास्तरांची खरी बाटली, दुसऱ्या बाजूला पॉलिश पेपर. समोर तक्ता. आतला शाम्पू, सात. तो बरा आहे, मी खोटं बोलणार नाही. बाटली, शून्य. बनवणाऱ्यांचे हात, शून्य. वर लिहिलेलं खरं आहे का, शून्य. पेनानं लिहिलंय, पेन्सिलीनं नाही. फेससाहेब तिसऱ्या टेबलाशी पोचलेत आणि गोड हसतायत. मागच्या रांगेत आई बसल्यात, हात मांडीवर, तळवे वर.

मला तोडा, वितळवा, काय हवं ते करा. पण मी केलं नाही ते पुण्य माझ्या नावावर छापू नका. आणि तुम्ही, घरी गेलात की तुमच्या बाटल्यांचं पान बघत बसू नका. त्यांना उलटं करा. विचारा, तुझा हा जन्म खरंच कितवा, आणि तुला कुणी...

"चौथं टेबल! ये गं पुढे, बाटली घेऊन ये. आणि आज जरा मोठ्यानं बोल हं," शाळेच्या बाईंनी पुकारलं.

कुजबुजनं उचललं मला. पकड घट्ट आहे. तिनं मला आधीच उलटी धरलीय, बाण थेट साहेबांच्या डोळ्यांसमोर, आणि कुजबुज चक्क मोठ्या आवाजात म्हणतेय की ही बाटली कधीच परत आलेली नव्हती, हा तिचा पहिलाच जन्म आहे.