चाळीस अंशांवरचं पाणी

मी परसातला गरम पाण्याचा टब बोलतोय. दचकू नका. चार माणसं ऐसपैस बसतील एवढं माझं पोट आहे आणि भूकही तशीच आहे. ती भूक विजेची.

मला आणलं मालकीणबाईंच्या गुडघ्यांसाठी. डॉक्टरांनी रोज गरम पाण्यात बसायला सांगितलं होतं. मालकांनी हौसेने मला घेतलं, स्वतः मात्र कधी पायही बुडवला नाही. "एवढ्या कढत पाण्यात बसायला मी काय बटाटा आहे?" म्हणायचे. बाई हसायच्या. त्यांना चाळीस अंशच लागायचं, त्याखालचं सगळं त्यांच्या मते कोमट. बाहेर आल्या की अंग पुसायच्या आधी माझं झाकण लावायच्या. संसार कळणारी बाई!

मागच्या हिवाळ्यात बाई गेल्या. मला बंद करायचं कुणाला सुचलंच नाही. मी आपला रोज चाळीस अंशांवर तापून बसायचो. ताट वाढून ठेवावं आणि जेवणारंच कुणी नसावं, तसं व्हायचं. फार एकटं वाटायचं हो.

मालक संध्याकाळी यायचे, झाकण अर्धं सरकवून जायचे. त्यांना वाटायचं, आत वाफ कोंडली तर मी फुटेन. माझ्या काळजीनेच करायचे बिचारे! पण सगळी ऊब आभाळात जायची आणि हीटर धापा टाकत राहायचा.

बिलाचा आकडा ऐकून लेक धावत आली. सोबत दुरुस्तीवाला होता. झाकण पाहताच त्याने कपाळावर हात मारला.

"अहो काका, हा कुकर नाही! पाणी एकदा तापलं की ते राखायला थोडी वीज पुरते. झाकण उघडं टाकून तुम्ही अख्खं अंगण तापवताय."

"आणि चाळीस कशाला?" लेक म्हणाली. "तुम्ही तर उतरतही नाही. विकून टाकू या ना, बाबा. गिऱ्हाईक आहे माझ्याकडे."



मालकांनी माझ्या झाकणावरून हात फिरवला. मग म्हणाले, "तिला कोमट चालत नाही गं."

लेकीने तोंड फिरवलं. दुरुस्तीवाला उगाच घट्ट असलेले स्क्रू आवळत बसला.

"मग आता तुम्ही बसा," डोळे पुसत लेक म्हणाली. "तुम्हाला सोसेल तेवढंच गरम ठेवू. पण रोज बसायचं. नाहीतर खरंच विकेन."

चाळीसचा आकडा मालकांनी स्वतःच खाली आणला. दुसऱ्या दिवशी, पाणी निवल्यावर, कठड्याला धरून ते माझ्यात उतरले. इतक्या वर्षांत त्यांचं ओझं मला पहिल्यांदा कळलं. फारच हलका माणूस.

हल्ली रोज येतात. जाताना झाकण नीट लावतात. बिल उतरलंय, लेक खूश आहे. पण बाई बसायच्या त्या कोपऱ्यात मालक कधी बसत नाहीत. समोर बसतात, आणि बसल्याबरोबर तिकडचा, बाईंच्या गुडघ्यांवर यायचा तो फवारा सुरू करतात. रिकाम्या जागेवर पाणी उसळत राहतं आणि मालक तिकडे बघत बसतात.

तेवढी वीज वाया जाते, मला कळतं. लेकीला मात्र सांगू नका.